जिवंत कारखान्याची निगा

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रावेर-यावलकडच्या शिवारात टेम्पो भरभरून केळीची रोपं उतरतात. काळ्या पिशवीत वीतभर उंचीचं रोप, पाच-सहा पानं, सगळी एका मापाची. मृगबागेची लागवड तोंडावर आलेली असते, ठिबकच्या नळ्या अंथरून झालेल्या असतात. शेतकरी बांधावरच एकेक पिशवी हातात घेऊन पानं उलटीपालटी करून बघतो. पानावर पिवळसर पट्टे आहेत का, पोंगा सडका आहे का, मुळं पिशवीतल्या पिशवीत गोल फिरलीत का. ज्या रोपाची तो इतकी कसून तपासणी करतो, ते दोन-तीन महिन्यांपूर्वीपर्यंत बरणीत वाढत होतं. त्याची मातीशी गाठ पडलेली नव्हती, उन्हाशी नाही, वाऱ्याशीही नाही.

जैवतंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरे कोट आणि परदेशातल्या प्रयोगशाळा येतात. रावेरच्या बांधावरची ही पिशवीही जैवतंत्रज्ञानच आहे. जिवंत पेशीकडून, जिवाणूकडून, बुरशीकडून किंवा त्यांच्या एखाद्या घटकाकडून माणसाला हवं ते काम करून घ्यायचं, एवढा त्याचा साधा अर्थ. त्या अर्थानं पाहिलं तर आपलं घर या कामगारांनी भरलेलं आहे. रात्री लावलेल्या विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि सकाळी दही लागलेलं असतं. कपडे धुण्याच्या पावडरीत जिवाणूंकडून बनवून घेतलेली विकरं असतात. त्यातलं एक रक्ताच्या आणि दुधाच्या डागातली प्रथिनं तोडतं, दुसरं भाताच्या पेजेतलं पिष्ट. पाणी उकळतं असेल तर विकरं निकामी होतात, म्हणून अशी पावडर कोमट पाण्यातच चांगली चालते. गाडीत भरतो त्या पेट्रोलमध्ये यीस्टनं मळीपासून आणि उसाच्या रसापासून केलेलं इथेनॉल असतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये झाले, तेव्हा निवडलेल्या ठिकाणांत मिरज आणि मनमाड होती. फ्रीजच्या दारात इन्सुलिन असतं, बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर कावीळ-ब ची लस असते, अंगावर बीटी कपाशीचं सूत असतं.

हे सगळं आता नवलाचं राहिलेलं नाही. मला मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. लोखंडाचं यंत्र बसवलं की ते बसवल्यासारखं राहतं. जिवंत कामगार तसा राहत नाही. तो खातो, वाढतो, थकतो, बदलतो, त्याच्या घरात परका शिरतो, आणि ज्याच्या विरुद्ध त्याला उभं केलं तो शत्रूही बदलतो. म्हणून या तंत्रज्ञानाचा निम्मा भाग शोधाचा आणि निम्मा राखणीचा आहे. शोध लावणाऱ्यांची नावं पुस्तकांत येतात. राखण मात्र हजारो अनाम हातांनी होते, आणि ती सुटली की काय होतं हे महाराष्ट्रानं पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आधी केळीचंच बघू. आपण खातो त्या केळीत बी नसतं. कॅव्हेंडिश गटातल्या झाडात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. नवं झाड हवं तर जुन्या झाडाच्या बुडातून फुटलेलं पील, म्हणजे मुनवा, काढून लावायचा. खानदेशात पिढ्यानपिढ्या बसराई, श्रीमंती अशा जातींचे कंद असेच एका शेतातून दुसऱ्या शेतात जात. त्या कंदासोबत सूत्रकृमी जात, मर रोग जाई, पर्णगुच्छाचा आणि हरण्याचा विषाणू जाई. शिवाय कंद लहानमोठे, म्हणून बाग एका वेळी निसवत नसे. एक झाड घड देऊन मोकळं व्हायचं, शेजारचं अजून कमळ टाकत असायचं. कापणी महिनोन्महिने लांबायची.

ऊतिसंवर्धनानं हे बदललं. १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशननं ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपं मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांपर्यंत नेली. ठिबकची जोड मिळाली आणि जो घड हातात यायला पूर्वी दीड वर्ष लागायचं, तो अकरा-बारा महिन्यांत येऊ लागला, तोही सबंध बागेत जवळजवळ एकाच वेळी. आज तिकडं नुसतं ‘टिश्यू’ म्हटलं तरी पुरतं.

काम चालतं ते असं. चांगल्या बागेतलं, निरोगी, भरघोस घड दिलेलं झाड निवडतात. त्याच्या पिलाच्या एकावर एक असलेल्या पानांच्या खोळी सोलत सोलत आत गेलं की मध्यभागी वाढीचा कोंब सापडतो, बोटाच्या पेराएवढा. त्याचा तुकडा विषाणूंसाठी तपासतात, औषधाच्या पाण्यात धुऊन निर्जंतुक करतात आणि बरणीतल्या थिजलेल्या खाद्यावर ठेवतात. ते खाद्य म्हणजे साखर, क्षार, जीवनसत्त्वं, अगार आणि फुटवे आणणारं संप्रेरक. क्षारांचं हे मिश्रण मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी तंबाखूच्या पेशी वाढवताना १९६२ साली बसवलं, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळा त्याच कृतीवर चालतात. तीन-चार आठवड्यांत कोंबाला बाजूनं फुटवे येतात. ते कापून वेगळे करायचे, नव्या बरणीत ठेवायचे, पुन्हा फुटवे, पुन्हा कापणी.

ही कापणी हातानंच होते. आडव्या काचेच्या कपाटांची रांग, आतून गाळलेली हवा तोंडावर येत असते, समोर ज्योत किंवा तापलेली सळई. डोक्यावर टोपी, तोंडावर मुखपट्टी बांधलेल्या मुली चिमटा आणि पातं हातात घेऊन बसलेल्या असतात. बरणी उघडायची, तिचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, गुच्छ बाहेर काढून तापवून गार केलेल्या पात्यानं कापायचा, पाहता पाहता नव्या बरणीत लावायचा, झाकण घट्ट. हात उघड्या बरणीवरून आडवा न्यायचा नाही. बोलणं टाळायचं. मग बरण्या पंचवीस अंशांच्या आसपास ठेवलेल्या खोलीत मांडणीवर जातात, तिथं रोज सोळा तास दिवे असतात. दर काही दिवसांनी कोणीतरी प्रत्येक बरणी उजेडाकडे धरून बघतं. खाद्याच्या कडेला दुधासारखं गढूळ कडं दिसलं तर जिवाणू, कापसासारखं काही दिसलं तर बुरशी. तशी बरणी न उघडता सरळ दाबाच्या वाफेत जाते आणि मगच रिकामी होते, नाहीतर एका बरणीतली बुरशी सबंध खोलीत पसरेल.

आणखी एक बंधन पाळावं लागतं, आणि इथं प्रामाणिकपणाची खरी कसोटी असते. एका कोंबापासून फुटवे कितीही वेळा काढता येतात, पण साधारण आठ फेऱ्यांच्या पुढं गेलं की पेशींत बदल साठू लागतात. मग शेतात काही झाडं खुजी निघतात, काहींच्या पानांवर पांढरे पट्टे येतात, काहींचा घड वेडावाकडा. जास्त फेऱ्या काढल्या तर रोप स्वस्त पडतं, आणि बरणीत बघून ते कोणालाही ओळखता येत नाही. वर्षभरानं शेतात कळतं, तोवर खत-पाण्याचा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. याचसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था उभारली आहे. विषाणू तपासणीचा दाखला आणि प्रमाणपत्र मागणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि स्वस्त रोपाच्या मोहात तो हक्क सोडणं फार महाग पडतं.

एक गैरसमजही दूर करायला हवा. ऊतिसंवर्धित केळीत कुठलंही परकं जनुक घातलेलं नसतं, ती आईच्या झाडाची नक्कल असते. आणि ती निरोगी जन्मली तरी तिला रोग होणारच नाही असं नाही. गेल्या काही वर्षांत पावसाळी ढगाळ हवेत रावेर-यावल भागात हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, टिश्यूच्या कोवळ्या बागांवर आला आणि शेतकऱ्यांना लावलेली रोपं उपटून फेकावी लागली. हा विषाणू मावा पसरवतो, आणि काकडी-भोपळ्याच्या वेलांवर, बांधावरच्या तणावर तो दबा धरून असतो. प्रयोगशाळेनं राखलेली स्वच्छता बांधावर संपली, तर बरणीतल्या कष्टांचा उपयोग नाही.

स्वच्छतेच्या एका क्षणाची किंमत काय असते, हे मुंबईतल्या लशीच्या इतिहासात फार दुःखद रीतीनं लिहिलं गेलं आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग पसरला आणि वाल्डेमार हाफकीन हे शास्त्रज्ञ कलकत्त्याहून मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढवले. जंतूंना धरायला आधार हवा म्हणून रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांखाली जंतूंच्या वसाहती लोंबत वाढायच्या. फ्लास्क हलवला की त्या खाली पडत आणि नवी वाढ सुरू होई. मग उष्णतेनं जंतू मारून लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीननी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली, आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा आली. तिला १९२५ पासून हाफकीन संस्था म्हणतात.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना ही लस टोचली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचली त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. संशय मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकीन निलंबित झाले. पुढं तपासात दिसलं ते असं, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता त्यानंच बूच काढलं गेलं. मातीतले धनुर्वाताचे जंतू तिथून बाटलीत गेले असावेत. हाफकीन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. एका थोर माणसाचा छळ म्हणून ही हकीकत सांगितली जाते, आणि तो झालाच. मला त्यात गावात टेबलाशी उभ्या असलेल्या, घाईत असलेल्या त्या मदतनिसाला कोणी किती शिकवलं होतं, हा प्रश्नही दिसतो. आज आपल्या गावोगावच्या उपकेंद्रांत आशाताई आणि परिचारिका शीतपेटी सांभाळतात, लशीच्या कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन बघून मगच सुई भरतात. लस प्रयोगशाळेत जितकी बनते, तितकीच या उपकेंद्रांत टिकते.

मधुमेहाच्या औषधाची गोष्ट वेगळी, तरी त्याच वाटेनं जाणारी. १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं, आणि त्यानंतर सहा दशकं जगातले रुग्ण गाई-डुकरांच्या स्वादुपिंडावर जगले. पाव किलोभर शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून जास्त ग्रंथी लागत. शिवाय ५१ अमिनो आम्लांच्या या रेणूत डुकराचं इन्सुलिन माणसापेक्षा एका जागी आणि गाईचं तीन जागी वेगळं, म्हणून काहींना ते सोसत नसे. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनचं जनुक ई. कोलाय या आतड्यातल्या साध्या जिवाणूत घातलं गेलं. जिवाणूनं आपल्या नेहमीच्या कामासोबत माणसाचं इन्सुलिन बनवायला घेतलं. १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. भारतात २००३ मध्ये वोक्हार्टनं स्वतः बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं, आणि एका परदेशी औषधावर विसंबून राहण्याचे दिवस सरू लागले.

पण इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते गोठलं तर बिघडतं, तापलं तर बिघडतं. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. मे महिन्यातल्या विदर्भात, दिवसातून कित्येक तास वीज जाते त्या घरात, ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात कुपी ठेवणारी माणसं आहेत. बाष्पीभवनानं आतलं तापमान बाहेरपेक्षा बरंच कमी राहतं, हे मोजूनही दाखवलं गेलं आहे. विज्ञानाची एवढी मोठी झेप शेवटी त्या मडक्यापाशी येऊन ठरते, आणि ते मडकं ओलं ठेवणाऱ्या हाताबद्दल मला तितकाच आदर वाटतो.

आता कपाशी. याबद्दल महाराष्ट्रात इतकं भांडण झालंय की मूळ गोष्ट हरवते. मातीतला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू असं एक प्रथिन बनवतो, जे अळीच्या आतड्यात गेलं की तिथल्या पेशींना भोकं पाडतं. माणसाच्या पोटात त्याला धरायला जागाच नसते. त्या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं, आणि २६ मार्च २००२ रोजी जालन्याच्या महिकोच्या बीटी संकरित वाणांना भारतात परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. सुरुवातीला बोंडअळीवरच्या फवारण्या उतरल्या, उत्पन्न वाढलं, दहा-बारा वर्षांत देशातलं जवळजवळ सगळं कपाशीचं क्षेत्र बीटीखाली गेलं.

मग गुलाबी बोंडअळी परतली. एका जनुकाला ती दाद देईनाशी झाल्याचं गुजरातेत २००९-१० च्या सुमारास नोंदलं गेलं, पुढं दोन जनुकांचं बीटीही तिनं पचवलं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिनं हाहाकार केला. शेतात फुलं उमलायची नाहीत, पाकळ्या पीळ पडल्यासारख्या मिटून राहायच्या. तिलाच डोमकळी म्हणतात. बोंड वरून हिरवंगार दिसायचं, फोडलं तर आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. त्यांना आपण विसरता कामा नये.

हे का झालं? बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं दिलं जाई. ते शेताच्या कडेनं लावायचं होतं. त्या ओळींत वाढलेले पतंग बीटीला बळी पडणारे असतात. बीटी खाऊन वाचलेल्या एखाद्या पतंगाची जोडी त्यांच्याशी जमली की त्यांची पिल्लंही बहुतेक बीटीला बळी पडतात, आणि अळीची प्रतिकारशक्ती पातळ होत राहते. ही ओळ म्हणजे सबंध तंत्राचा विमा होता. पण बांधावर अळीला खाऊ घालायला जमीन कोण देईल? दोन-तीन एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते कळेल असं कोणी सांगितलं नाही, पाकीट बहुधा फेकून दिलं गेलं. त्यातच आपल्याकडं बीटी आलं ते लांब मुदतीच्या संकरित वाणांत. वेचणी संपल्यावर पाणी देऊन फरदड घ्यायची, फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवायची. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, तिला वर्षभर घर आणि अन्न मिळालं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे लोक वेळेवर फरदड मोडा, कामगंध सापळे लावा, सरकी आणि पऱ्हाटीचे ढीग ठेवू नका असं सांगत होते. माझं मत स्पष्ट आहे. बीटी हे फसवं तंत्र नव्हतं आणि दैवी देणगीही नव्हती. ते निगा मागणारं तंत्र होतं, ते विकणाऱ्यांनी निगेचा खर्च शेतकऱ्यावर टाकला, आणि सरकारनं ते होऊ दिलं.

तसाच हलगर्जीपणा प्रतिजैविकांबाबत आपण रोज करतो, औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या मागून. पण प्रतिजैविकांची एक जुनी गोष्ट पिंपरीत आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं तिथं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. पेनिसिलियम बुरशी मोठ्या टाक्यांत, गाळलेल्या हवेच्या झोतात, दिवसरात्र वाढवायची. हवेबरोबर एक उपरा जिवाणू आत शिरला आणि तो पेनिसिलिन तोडणारा निघाला, तर सगळी टाकी गटारात. बुरशीचा वाणही पुन्हा पुन्हा वाढवत गेलं की कमी पेनिसिलिन देऊ लागतो, म्हणून मूळ वाण गोठवून, वाळवून सांभाळावा लागतो. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असे औद्योगिक सूक्ष्मजीव जपणारा संग्रह १९५१ पासून आहे. पिंपरीच्या कामगारांच्या आणि शास्त्रज्ञांच्या हाताला हे वळण होतं. तिथंच हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडलं, कंपनीचं नाव मिरवणारं.

१९९० नंतर चीनहून स्वस्त पेनिसिलिन आलं. हिशेब सरळ होता, विकत घेणं परवडत होतं. एकेक करून देशातल्या किण्वनाच्या टाक्या थंड पडल्या, पिंपरीचा कारखाना तोट्यात गेला, आणि ज्या देशानं पन्नाशीच्या दशकात पेनिसिलिन बनवलं तो त्याच्या कच्च्या मालासाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहिला. २०२० मध्ये करोनानं पुरवठ्याच्या वाटा अडवल्या तेव्हा हे सगळ्यांना दिसलं. सरकारनं प्रोत्साहन योजना आणली आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. मधल्या तीस वर्षांत निवृत्त झालेल्या माणसांनी डोळ्यांनी फेस बघून, वासावरून टाकीची तब्येत ओळखण्याचं जे कसब कमावलं होतं, ते मात्र कुठल्या योजनेत लिहिलेलं नव्हतं.

असं हातातलं कसब पुढंही लागणारच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत विकसित झालेल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये पारखलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला देशात परवानगी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचं, बाहेर वाढवायच्या आणि परत त्याच्याच शरीरात सोडायच्या. परदेशातल्या अशा उपचाराच्या खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात हे होतं. प्रत्येक रुग्णासाठी वेगळी खेप, आणि एकाही खेपेत चूक चालत नाही. त्या स्वच्छ खोलीत काम करणारी मुलं-मुली आज मोजकी आहेत. राज्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्या, पुण्याच्या लसकंपन्या, जळगावच्या प्रयोगशाळा, सगळ्यांना हेच हात लागतात. वेल्डर आणि फिटर घडवायला आपण गावोगाव आयटीआय उघडल्या. पेशी आणि जिवाणू सांभाळणाऱ्या कारागिरांसाठी तशाच दर्जाचं, मराठीतलं, पगाराची हमी असलेलं प्रशिक्षण सांगलीपासून चंद्रपूरपर्यंत मिळायला हवं, आणि ते प्रशिक्षण घेतलेल्यांना कंत्राटावर न ठेवता कायम नोकरी द्यायला हवी.